त्रैराशिक ते गुणोत्तर : शालेय अंकगणितातील एका संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
उच्च प्राथमिक स्तरावर 'गुणोत्तर व प्रमाण' शिकताना विद्यार्थी एक चूक वारंवार करतात. २:३ शी सममूल्य गुणोत्तर म्हणून ते ४:५ लिहितात. दोन्ही पदांत सारखीच संख्या मिळवली की नाते कायम राहते, असा त्यांचा समज असतो. या चुकीचे मूळ बेरजेच्या सवयीत आहे. ही सवय मोडण्यासाठी आपल्या परंपरेने कोणती साधने दिली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शास्त्रीय परंपरा :
आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये त्रैराशिकाचा नियम दिला : फलाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये प्रमाण व इच्छा या राशी सजातीय असाव्यात, ही अट स्पष्ट केली. ही अट महत्त्वाची आहे, कारण गुणोत्तर सजातीय राशींचेच असते. इ.स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एक उदाहरण दिले आहे : ३/७ निष्कांस २॥ पल केशर मिळते, तर ९ निष्कांस किती? नियमाने उत्तर ५२॥ पल येते. परंतु ९ ही संख्या ३/७ च्या २१ पट आहे, हे लक्षात येताच २॥ ची २१ पट करून तेच उत्तर मिळते. सममूल्य गुणोत्तराचे तत्त्व नियमाच्या पोटातच होते. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेखावरून कळते.

पंतोजींची शाळा :
व्यवहारात मात्र भर पाठांतरावर राहिला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही कोष्टके मुले एकसुरात म्हणत. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि मणाचे ४० शेर असलेल्या बाजारात ती गरजेचीच होती. या कोष्टकांत 'पट' ही कल्पना सतत वावरत होती, परंतु तिचे कारण क्वचितच सांगितले जाई.

दशमान पद्धतीनंतर :
१९५६ चा वजनमापांचा कायदा व १ एप्रिल १९५७ पासूनची दशमान नाणी यांमुळे या कोष्टकांची व्यावहारिक गरज ओसरली. त्रैराशिकाची जागा शाळेत हळूहळू एकमान पद्धतीने घेतली. ती समजण्यास सोपी आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु केशराच्या वरील उदाहरणात प्रथम १ निष्कास ३५/६ पल काढावे लागतात. ज्याला २१ पट दिसते, त्याला हा वळसा घ्यावा लागत नाही. केवळ एकमान पद्धत शिकलेल्या मुलाला ही पट दिसेलच, याची खात्री देता येत नाही.

निष्कर्ष :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यासक्रमात समावेश होत आहे. त्या ओघात त्रैराशिकाचे सूत्र केवळ गौरवार्थ पाठ करविले गेले, तर पंतोजींच्या शाळेतील उणीवच पुन्हा पदरी पडेल. इतिहासातून घ्यायचे ते सूत्रामागील दोन प्रश्न : राशी सजातीय आहेत काय, आणि एक दुसरीच्या किती पट आहे? हे प्रश्न विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी २:३ आणि ४:५ यांना समान म्हणण्यापूर्वी निश्चित थांबेल. अध्यापक-प्रशिक्षणात गणिताच्या इतिहासाला स्थान द्यावे, ते याच कारणासाठी.