ब्रिटनमधील कल्याणव्यवस्था : उदय व ऱ्हास

ब्रिटनमधील कल्याणव्यवस्था : आजारपण, बेकारी, वार्धक्य, वैधव्य इ. आपत्तींत नागरिकास किमान निर्वाहाची हमी देणारी, प्रामुख्याने १९४५–४८ या काळात उभारलेली राष्ट्रीय व्यवस्था. मदत ही दया नसून हक्क आहे, हे तिचे मूलतत्त्व. या तत्त्वाचा स्वीकार आणि पुढे त्यापासून झालेली फारकत हाच तिच्या उदय-ऱ्हासाचा इतिहास होय.

१८३४ च्या दारिद्र्य कायद्याने धडधाकट गरिबांना मदतीसाठी कामगृहात (वर्कहाउस) दाखल होण्याची अट घातली. तेथील जीवन बाहेरील सर्वांत हलाखीच्या मजुराच्या जीवनाहूनही कष्टप्रद असावे, असे धोरण असल्याने मदत घेणे हा कलंक ठरला. उदारमतवादी पक्षाच्या शासनाने १९०८ मध्ये सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांना आठवड्यास कमाल ५ शिलिंग निवृत्तिवेतन मंजूर केले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यान्वये आजाराच्या विम्यासाठी पुरुष कामगाराने ४, मालकाने ३ व शासनाने २ पेन्स साप्ताहिक वर्गणी द्यावी, असे ठरले. वर्गणीमुळे लाभावर हक्क प्रस्थापित झाला. तथापि जागतिक मंदीच्या काळात, १९३१ मध्ये, विमालाभाची मुदत संपलेल्या बेकारांच्या संपूर्ण कुटुंबाच्या मिळकतीची चौकशी सुरू झाली. मुलाच्या वा मुलीच्या तुटपुंज्या वेतनामुळे बापाचा भत्ता कापला जाई. ही मानहानी कामगारवर्ग दीर्घकाळ विसरला नाही.

दुसरे महायुद्ध चालू असताना डिसेंबर १९४२ मध्ये सर विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सर्वांनी समान वर्गणी भरावी व मिळकतीची चौकशी न होता सर्वांना समान लाभ मिळावा, ही त्याची मध्यवर्ती शिफारस होती. कुटुंब-भत्ता, सार्वत्रिक आरोग्यसेवा आणि पुरेसा रोजगार ही त्यामागील गृहीतके होत. क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाच्या शासनाने १९४६ मध्ये राष्ट्रीय विमा व राष्ट्रीय आरोग्यसेवा यांचे कायदे संमत केले. ५ जुलै १९४८ रोजी ही व्यवस्था अंमलात आली व दारिद्र्य कायदा रद्द झाला.

मात्र तिच्या रचनेतच एक उणीव होती. वर्गणी सर्वांत कमी वेतनाच्या कामगारासही परवडावी लागे. त्यामुळे लाभाची रक्कमही अल्प राहिली. घरभाडे भागविण्यासाठी अनेक वृद्धांना चौकशीवर आधारित राष्ट्रीय साहाय्याकडे वळावे लागले. हे साहाय्य कालांतराने अपवादात्मक उरेल ही बेव्हरिज यांची अपेक्षा फोल ठरली. आरोग्यसेवेतही १९५१ मध्ये कवळ्या व चष्मे यांवर शुल्क आले. त्याच्या निषेधार्थ अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले.

१९७० नंतर पुरेशा रोजगाराचे गृहीतकही ढासळले. १९७६ मध्ये ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेऊन खर्चात कपात करावी लागली. १९७९ मध्ये सत्तेवर आलेल्या मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या शासनाने १९८० पासून निवृत्तिवेतनाची वाढ वेतनमानाऐवजी केवळ किंमतींशी निगडित केली. बेकारांची संख्या पुढे तीस लाखांवर गेली. १९९६ मध्ये वर्गणीवर आधारित बेकारभत्त्याची मुदत एका वर्षावरून सहा महिन्यांवर आली. २०१२ च्या कायद्याने मिळकतीवर आधारित प्रमुख साहाय्यांचे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या एकाच योजनेत एकत्रीकरण योजिले. १९९७ नंतरच्या मजूर पक्षाच्या शासनानेही चौकशीवर आधारित साहाय्याचा विस्तारच केला होता.

या ऱ्हासाचा अर्थ खर्च आटला असा नव्हे. वृद्धांची वाढती संख्या, बेकारी व घरभाडे यांमुळे तो मोठाच राहिला. निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा यांचे सार्वत्रिक स्वरूपही बव्हंशी टिकून आहे. ऱ्हास झाला तो तत्त्वाचा. काम करू शकणाऱ्या वयाच्या गरजूस आपली गरिबी सिद्ध करूनच मदत मिळविण्याची पाळी पुन्हा आली. आणि हीच प्रथा मोडण्यासाठी १९४८ ची व्यवस्था उभारली गेली होती.