गुणांवर ठरणारे शाळेचे भवितव्य : लंडन ते मोहोळ

डिसेंबर 2017. दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे 1,300 शाळा बंद करून तेथील मुले जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. कारणे दोन दिली गेली : घटता पट आणि घसरलेली गुणवत्ता. पट मोजणे सोपे असते. गुणवत्ता मोजण्याचा इतिहास मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो फारसा सुखावह नाही.

1862 मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी नवी अनुदानसंहिता आणली. निरीक्षकाने प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित यांत परीक्षा घ्यायची. मूल एका विषयात नापास झाले, की त्याच्या वाट्याच्या परीक्षा-अनुदानातील एक तृतीयांश रक्कम कापायची. शाळानिरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीला कडाडून विरोध केला. तरीही त्याच दशकात ‘निकालानुसार अनुदान’ मुंबई इलाख्यातील खासगी शाळांना लागू झाले.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी या पद्धतीच्या मुळावरच बोट ठेवले. ज्या गरीब समाजात शिक्षणाची गोडीच अद्याप निर्माण झालेली नाही, तेथे ही पद्धत निरुपयोगी आहे. अशा वस्तीत स्वतःच्या बळावर शाळा काढून कोणत्याही शिक्षकाचे पोट भरणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निकाल चांगला असेल तरच पैसा, आणि पैसा असेल तरच शिक्षक! मग पहिला निकाल लागायचा कसा?

आयोगाने पद्धत कायम ठेवली, पण एक अपवाद सुचवला : मागास जिल्ह्यांतील किंवा विशेष परिस्थितीतील शाळांना वेगळ्या नियमांनी साहाय्य द्यावे. अहवालातील हे वाक्य आज फारसे कोणी उद्धृत करत नाही. पुढे कर्झनच्या काळात ही पद्धतच मागे पडली.

1929 मध्ये हार्टोग समितीने निराळा आकडा मांडला. 1922-23 साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी 1925-26 मध्ये चौथीत पोहोचली होती जेमतेम अठरा. निष्कर्ष असा, की शाळांचा विस्तार करण्यापेक्षा असलेल्या शाळा सुदृढ कराव्यात. लहान शाळा म्हणजे दुबळी शाळा, या समजुतीला त्यामुळे बळ मिळाले.

आता मोहोळ तालुक्यातील एखादी वस्तीवरची शाळा डोळ्यांसमोर आणा. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर पायाभूत चाचण्यांचे गुण शाळाशाळांत ताडून पाहिले जाऊ लागले. पट आठ असेल, तर एक मूल म्हणजे 12.5 टक्के, पट ऐंशी असेल, तर 1.25. पालकांबरोबर ऊसतोडीला जाऊन उशिरा परतलेली दोन मुले चाचणीत मागे पडली, की आठ पटाच्या शाळेतील पाव शाळाच ‘अप्रगत’ ठरते. पुढच्या वर्षी तीच दोन मुले सावरली, तर तीच शाळा एकदम अव्वल! शिक्षक तोच, फळाही तोच. अशा आकड्यावरून दोन शाळांची तुलना करणे म्हणजे दोन पावसाळी दिवसांवरून सोलापूरचे पर्जन्यमान काढणे.

2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ ही कल्पना पुढे आली. पानशेत व तोरणमाळ ही उदाहरणे दाखवली गेली. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, असे म्हटले आहे. ओढ्याला पाणी आल्यावर सहा वर्षांच्या मुलाने ते अंतर कसे तोडायचे, याचा रकाना चाचणीच्या तक्त्यात नसतो.