डोळ्यामागचा खोटा हुकूम



वैद्यकाच्या इतिहासावर बोलावयास डॉक्टर सोडून कामगार संघटनेचा कार्यकर्ता का उभा राहिला, असा प्रश्न आपणास पडणे साहजिक आहे. माझी शाळा नववीतच सुटली. पुढचे शिकणे नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. आजच्या विषयाकडे मला एका कामगाराने आणले.

तो वहिफणीचे काम करी. माग सुरू होण्यापूर्वी ताण्याची एकेक तार वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढून घ्यावी लागते. सारा मामला नजरेचा. एके दिवशी त्याला एका तारेच्या जागी दोन तारा दिसू लागल्या. एक डोळा झाकला की तार एक, दोन्ही उघडले की दोन. मुकादम म्हणाला, सोंग आहे. आणि त्याला घरी बसविले. त्याची तक्रार मी चार महिने खिशात घालून हिंडलो, कारण मनातून मलाही ते सोंगच वाटत होते. पुढे नेत्रतज्ज्ञाने सांगितले की हा थायरॉईडच्या रोगाबरोबर येणारा डोळ्यांचा विकार आहे. गळ्यातल्या ग्रंथीचा आणि डोळ्याचा संबंध काय, हे शोधता शोधता मी दोनशे वर्षे मागे गेलो. आणि पाहतो तो तेथेही हीच कथा. दुखणे खरे, आरोपी मात्र दर वेळी भलताच.

इंग्लंडातील बाथ येथील डॉक्टर केलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये एक स्त्री तपासली. गळ्यातली ग्रंथी वाढलेली, छाती धडधडणारी, डोळे बाहेर आलेले. पॅरींचा रोख हृदयावर होता. त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये छापले गेले. १८३५ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी हा विकार व्याख्यानातूनच मांडला, हे व्याख्यानमालेत मुद्दाम सांगावेसे वाटते. त्यांच्या वर्णनातल्या एका तरुणीला झोपेतही पापण्या मिटता येत नसत. आणि तिचे दुखणे आधी हिस्टेरिया समजले गेले होते. ते वाचताना मला माझा वहिफणीवाला आठवला आणि मान खाली गेली.

१८४० मध्ये जर्मनीतील मेर्सेबुर्गचे कार्ल फॉन बाझेडो यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. डोळ्याच्या खोबणीत, डोळ्यामागची ऊती फुगते आणि डोळ्याला पुढे ढकलते, असे ते म्हणाले. पण ती फुगते कशाने? पुढे संशय थायरॉईडवर गेला. परंतु थायरॉईड ताळ्यावर आणल्यावरही काहींचे डोळे बिघडतच राहत, तर काहींचे ग्रंथी बिघडण्याआधीच बिघडलेले असत. १९३० च्या दशकात मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचल्यावर गिनिपिगांचे डोळे पुढे आलेले दिसले, तेव्हा आरोप पिट्यूटरीवर आला. तोही टिकला नाही. थायरॉईडला कामाला लावणारे पिट्यूटरीचे संप्रेरक या रोगात वाढलेले नव्हे, उलट दबलेले आढळले.

मग शरीराच्या प्रतिकारसंस्थेकडे कोणी पाहिले कसे नाही? कारण ती रक्षक! १९०० च्या सुमारास पाउल एर्लिख यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. दुसऱ्या शेळीचे रक्त टोचले की शेळी त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करी. स्वतःच्या रक्ताविरुद्ध मात्र नाही. शरीर स्वतःवर उलटणे टाळते, असे ते म्हणाले. मागून येणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘उलटतच नाही’ असा घेतला. रखवालदारावर संशय घेऊ नये, ही समजूत त्यामुळे पुष्कळ वर्षे टिकली.

ती हलली १९५६ साली. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिअक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटोच्या रोगात रुग्णाच्या थायरॉईडविरुद्धची प्रतिद्रव्ये त्याच्याच रक्तात सापडली. अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशाच्याच थायरॉईडचा अर्क सशाला टोचून त्याची ग्रंथी त्याच्याच प्रतिकारसंस्थेकडून बिघडविली. आणि न्यूझीलंडमधील डनेडिन येथे डंकन अ‍ॅडम्स व एच. डी. पर्व्ह्‌स यांना ग्रेव्हजच्या रोग्यांच्या रक्तात असे द्रव्य आढळले, की जे थायरॉईडला पिट्यूटरीच्या संप्रेरकापेक्षा अधिक काळ राबवीत होते. ते द्रव्य म्हणजे प्रतिद्रव्यच, हे १९६० च्या दशकात ठरले.

हे प्रतिद्रव्य जखम करीत नाही. ते हुकूम देते. गिरणीत मालकाची सही असलेली चिठ्ठी आली की कामगार काम सुरू करतात. येथे चिठ्ठी खोटी असते, पण सही हुबेहूब. थायरॉईडच्या पेशी बिचाऱ्या रात्रंदिवस राबतात. आता हुकूम घेणारी तीच खिडकी, म्हणजे तोच ग्राही, डोळ्यामागच्या तंतुजनक पेशींवरही असतो, हे अलीकडच्या दशकांत उमगले. त्याच्या जोडीला इन्सुलिनसारख्या एका वाढघटकाचा ग्राहीही तेथे असतो, आणि दोन्ही मिळून काम करतात. प्रतिकारसंस्थेच्या टी पेशी तेथे जमून त्या तंतुजनक पेशींना आणखी चेतवतात.

चेतलेल्या पेशी हायलुरोनिक आम्ल तयार करतात. हा पदार्थ कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गुरांच्या डोळ्यातूनच प्रथम वेगळा केला होता. तो पाणी शोषून फुगतो. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो. त्या स्नायूंच्या तंतूंमध्ये हा लगदा साचतो. काही तंतुजनक पेशींच्या चरबीच्या पेशी होतात. ध्यानात घ्या, आरंभी स्नायूचे तंतू बहुधा शाबूत असतात. बिघाड त्यांच्या मधल्या जागेत असतो. खोबण हाडाची, तिला पसरता येत नाही. म्हणून डोळा पुढे सरकतो, आणि मागच्या निमुळत्या टोकाशी फुगलेले स्नायू दृष्टीच्या मज्जातंतूला चिमटीत धरू शकतात. तसे झाले तर दृष्टीच जाण्याचे भय.

सूज ओसरताना तेथे वण धरतो आणि स्नायू वाळलेल्या चामड्यासारखा ताठ होतो. सर्वांत अधिक सापडतो तो डोळ्याखालचा स्नायू. रोग्याला वर पाहता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते वरचा स्नायू दुबळा झाला. प्रत्यक्षात खालचा सोडत नसतो. पुन्हा आरोपी भलताच! दोन डोळे दोन दिशांना राहिले की एका तारेच्या दोन तारा होतात.

फ्रान्सिस रंडल यांनी १९४५ मध्ये दाखविले की हा रोग काही काळ चढतो, मग थांबतो, थोडा उतरतो, पण पूर्वस्थितीला क्वचितच जातो. स्टेरॉईडसारखी औषधे लागू पडतात ती चढत्या काळात. वण धरल्यावर उरते ती शस्त्रक्रिया. म्हणून दवडलेल्या महिन्यांना किंमत आहे. २०२० मध्ये अमेरिकेत टेप्रोटुमुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते वाढघटकाची ती खिडकीच बंद करते. परंतु काहींच्या ऐकण्यावर त्याचा परिणाम होतो, आणि त्याची किंमत मजुराच्या स्वप्नातही बसणारी नाही. ज्याला पैसा लागत नाही असा एक उपाय मात्र पक्का आहे: धूम्रपान सोडणे. तंबाखूच्या धुराने हा रोग बळावतो आणि औषधेही कमी लागू पडतात. माझा वहिफणीवाला दिवसाला दोन बंडले विड्या ओढी, आणि त्यातली निम्मी संघटनेच्या कचेरीत, माझ्यासमोर.

त्याचा रोग शांत झाल्यावर डोळ्याच्या स्नायूवर शस्त्रक्रिया झाली. समोर पाहताना आता त्याला एकच दिसते. वर पाहताना अजून दोन. वहिफणी सुटली ती सुटलीच. चार महिने आधी मी त्याला दवाखान्यात नेले असते तर ती राहिली असती काय, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु तेव्हापासून कोणी ‘मला दोन दिसतात’ म्हणाला, तर मी त्याला एकच प्रश्न विचारतो: एक डोळा झाकल्यावर किती दिसतात? एक म्हणाला, की त्याच दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्याची वाट धरतो. आपणही तेवढे करावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.