संशयित कोण, रुग्ण कोण? संसर्गजन्य रोगांविषयीच्या काही संज्ञा

दि. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाईन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला. त्यानंतर पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात तपासणीसाठी रांगा लागल्या आणि ‘संशयित’, ‘घशातील स्राव’, ‘पॉझिटिव्ह’ हे शब्द घरोघरी पोहोचले. २०२० च्या कोरोना साथीत ते पुन्हा कानी आले. शब्द ओळखीचे झाले, परंतु त्यांतील भेद अनेकदा ध्यानात येत नाही आणि त्याचा त्रास रुग्णाला सोसावा लागतो. म्हणून काही मूलभूत संज्ञांचा अर्थ येथे देत आहोत.

संसर्ग व रोग : रोगजंतू शरीरात शिरून वाढू लागले की संसर्ग झाला असे म्हणतात. प्रत्येक संसर्गातून रोग उद्भवतोच असे नाही. क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहतात. अशा व्यक्तीला त्रास होत नाही व तिच्यापासून इतरांना लागणही होत नाही.

अधिशयन काळ : जंतूंच्या प्रवेशापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतचा काळ. फ्लूमध्ये तो साधारणतः १ ते ४ दिवस, तर डेंग्यूमध्ये ४ ते १० दिवस असतो. ‘गेल्या काही दिवसांत कोठे गेला होता?’ असे डॉक्टर विचारतात ते यासाठीच.

लक्षण व चिन्ह : रुग्णाला स्वतः जाणवते व तो सांगतो ते लक्षण, उदाहरणार्थ, डोकेदुखी, मळमळ. डॉक्टरांना तपासणीत आढळते ते चिन्ह. उदाहरणार्थ, वाढलेली प्लीहा, छातीतील घरघर.

संशयित व निश्चित रुग्ण : लक्षणे एखाद्या रोगाशी जुळली की व्यक्ती ‘संशयित’ ठरते. प्रयोगशाळेने पुष्टी दिल्यावरच ती ‘निश्चित’ रुग्ण होते. २००९ मध्ये ही पुष्टी पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेत होत असे. अहवाल येण्यापूर्वीच एखाद्याला रोगी ठरवून त्याच्याशी संबंध तोडणे अन्यायाचे आहे.

निदान : लक्षणे, चिन्हे, पूर्वेतिहास व चाचण्या यांच्या आधारे रोगाचा केलेला निर्णय. केवळ एक कागद म्हणजे निदान नव्हे. नमुना फार लवकर किंवा उशिरा घेतल्यास रोग असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

जिवाणू व विषाणू : क्षय व विषमज्वर जिवाणूंमुळे होतात, फ्लू, डेंग्यू व कोरोना विषाणूंमुळे. प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यामुळे पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडले गेले. तरीही साध्या सर्दीसाठी दुकानातून प्रतिजैविके घेण्याची सवय येथेही आढळते. अशा वापराने जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात.

विलगीकरण व क्वारंटाईन : आजारी व्यक्तीला निरोगी लोकांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. संपर्कात आलेल्या, परंतु आजारी नसलेल्या व्यक्तीला अधिशयन काळ संपेपर्यंत वेगळे ठेवणे म्हणजे क्वारंटाईन. दोन्ही उपाय ठरावीक मुदतीचे असतात. ती शिक्षा नव्हे.

चाकण, भोसरी व तळवडे येथील कारखान्यांत काम करणारे अनेक तरुण एकाच खोलीत चौघे-पाचजण राहतात. खोली किंवा नोकरी जाईल या भीतीने खोकला लपविला गेला, तर निदान लांबते आणि सोबत्यांनाही लागण होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी व महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य होते. क्षयाचा साधा प्रकार बहुधा सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच इतरांना लागण होण्याचा धोका बराच घटतो. आपल्या धर्मग्रामात किंवा शेजारी असा रुग्ण असेल, तर त्याच्यापासून तोंड फिरवू नये. त्याला तपासणीस घेऊन जावे व औषधे पूर्ण करण्यास साथ द्यावी.