चुलीपासून मोबाइलपर्यंत: आपल्याला स्वयंपाक कोणी शिकवला?

आज भाजी काय करायची, हा प्रश्न आपल्या आजीलाही पडायचा आणि आपल्यालाही पडतो. उत्तर मिळण्याची जागा मात्र बदलत गेली. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ती कशी बदलली, ते आज पाहू.

पूर्वी शिकवणारी बाई समोरच असायची. आई, सासू, नाहीतर शेजारीण. माप हाताचं: मूठभर डाळ, चिमूटभर मीठ. मग छापील पुस्तकं आली. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ निघालं. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. वाटी आणि चमच्याच्या मापामुळे नव्या सुनांना ते फार सोयीचं वाटलं. पण पुस्तकाची एक अट होती, वाचता आलं पाहिजे. आपल्या दुष्काळी गावांतल्या कितीतरी बायका त्या अटीपाशीच थांबल्या.

त्याच 1970 साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. पोरांच्या आजारामागे उपासमार आहे, हे या डॉक्टरांना दिसत होतं. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. केंद्रावर जायचं, बघून-ऐकून शिकायचं आणि गावात येऊन दुसऱ्या बायकांना सांगायचं, अशी ही रीत. बाळाचं वजन कसं बघायचं, त्याला काय भरवायचं, गरोदर बाईनं काय खायचं, हे गावातलीच बाई सांगू लागली. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षर न येणारी बाईही आहाराची शिक्षिका होऊ शकते, हे जामखेडनं दाखवून दिलं.

दुसरं उदाहरण अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचं. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात, पालेभाज्या यांची गावरान बियाणी जपली आणि वाटली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ताटात काय येणार हे आधी वावरात ठरतं, ही गोष्ट त्यांच्या कामातून सगळ्यांना कळली.

आणि 2020 मध्येच नगरजवळच्या सारोळा कासार गावातून सुमन धामणे यांचे व्हिडिओ येऊ लागले. नातू मोबाइल धरायचा, आजी भाजी करायची. ‘आपली आजी’ हे त्यांचं यूट्यूब चॅनेल लाखो लोकांनी पाहिलं. कारल्याची भाजी, भाकरी, गावाकडचे मसाले, सगळं आपल्या बोलीत. पुस्तकानं घातलेली वाचनाची अट इथे गळून पडली. न वाचणारी बाई पाहून शिकू लागली आणि न लिहिणारी बाई जगाला शिकवू लागली.

याचं महत्त्व केवळ चवीपुरतं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाणारी आपणच असतो ना?

म्हणून मोबाइलवर शोधताना आम्ही चार गोष्टी बघतो. पहिली, जिन्नस आपल्या घरात किंवा आठवड्याच्या बाजारात मिळतात का? नाचणी, बाजरी, शेवगा, चवळई असताना महागड्या परदेशी बियांची गरज नाही. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं. दुसरी, तेल, मीठ, साखर किती ते सांगितलंय का? मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिसरी, सांगणारा काही विकतोय का? चौथी, ‘हे प्या, शुगर कायमची जाईल’ असं कोणी म्हणालं, तर तो व्हिडिओ तिथेच बंद. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करायची नाही.

खात्रीची माहिती हवी असेल, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये काढलेली आहाराची मार्गदर्शक पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. ती इंग्रजीत आहे, तेव्हा घरातल्या शिकणाऱ्या लेकीला वाचून दाखवायला सांगा. अंगणवाडीताई आणि आशाताई तर हाकेच्या अंतरावर आहेत. व्हिडिओत पाहिलेलं त्यांना जरूर विचारा.

या आठवड्यात एवढं करू या. पालेभाजीवर लिंबू पिळू या, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. चहा जेवणाला लागून न घेता तासाभरानं घेऊ या. आणि घरातल्या आजीची एखादी जुनी भाजी मोबाइलमध्ये टिपून ठेवू या. भाजी निवडण्यापासून फोडणीपर्यंत सगळी, तिच्याच तोंडून.