स्कोपची कुळकथा

कारंजा (घाडगे) तालुक्यात एखाद्या संत्रा बागायतदाराची जमीन तीन गटांत विखुरलेली असली, तर सातबारेही तीन. पीककर्जाच्या वेळी मात्र एकूण जमीन दाखवावी लागते. मग तो पटवाऱ्याकडे आठ-अ मागतो. गाव नमुना ८-अ मध्ये जमिनी त्याच, फक्त खातेदारवार मांडलेल्या. वारंवार पडणारा प्रश्न महसुलाने असा एका नावाखाली बांधून ठेवला.

वेब ॲप्लिकेशनमध्ये ही सोय उशिरा रुजली. २००४ साली रूबी ऑन रेल्स हे वेब फ्रेमवर्क आलं, प्रत्येक टेबलाला एक मॉडेल मिळालं. नोंदी निवडायच्या अटी मात्र कंट्रोलरांत विखुरलेल्याच राहिल्या. समजा, फेरफारांचं ॲप्लिकेशन आहे. ‘हरकतीची १५ दिवसांची मुदत उलटलेले’ ही अट पाच ठिकाणी लिहिली, एका ठिकाणी सुधारली, की उरलेल्या चार याद्या चुकीच्या.

निक कॅलन यांनी त्यावर हॅज-फाइंडर नावाचं प्लगइन लिहिलं. २००८ मध्ये रेल्स २.१ ने ते नेम्ड-स्कोप म्हणून पोटात घेतलं. २०१० च्या रेल्स ३ मध्ये नुसतं ‘स्कोप’ उरलं. अट मॉडेलमध्ये एकदाच लिहायची, तिला नाव द्यायचं. माझ्या मते खरी करामत पुढे आहे: ‘मुदत उलटलेले’, ‘वारसाचे’, ‘या गावचे’ हे स्कोप एकापुढे एक जोडले तरी डेटाबेसकडे एकच क्वेरी जाते, आणि तीही नोंदी प्रत्यक्ष लागतील तेव्हाच.

यात एक घातक फट होती. स्कोपमध्ये ‘आजपासून १५ दिवसांपूर्वी’ असं थेट लिहिलं, तर ‘आज’ हा मॉडेल लोड झालं त्याच दिवशी गोठायचा. प्रोग्रामरच्या मशीनवर कोड सारखा नव्याने लोड होतो, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसे. सर्व्हर मात्र आठवडाभर बंद न होता चालला, की आठवडाभर तीच जुनी तारीख. त्या आठवड्यात मुदत संपलेला फेरफार यादीत येतच नसे. उपाय लॅम्डाचा: अट दर वेळी नव्याने मोजायची. २०१३ च्या रेल्स ४ ने तो सक्तीचाच केला, आणि योग्य केलं.

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कनेही पुढे स्कोप घेतले. पायथनच्या जँगोत हेच काम मॅनेजर करतात.

डिफॉल्ट स्कोप मात्र टाळावा. तो न बोलावता प्रत्येक क्वेरीला चिकटतो आणि रद्द झालेले फेरफार नजरेआड करतो. त्यापेक्षा ‘प्रमाणित’ नावाचा वेगळा स्कोप लिहावा. कोड वाचणाऱ्याला अट समोर दिसते.