शिकली तिने शिकवावे

दारव्ह्याच्या आपल्या मंडळात मी पेटी शिकले. पण दुसरीला शिकवावयाचे म्हटले की छाती धडधडे. मी पडले सातवी पास! मग पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची हकीकत वाचनात आली. बालपणी फटाक्याने त्यांचे डोळे अधू झाले. तरी ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. निवडक विद्यार्थ्यांना जवळ ठेवून, जेवूखाऊ घालून त्यांच्यातूनच संगीतशिक्षक घडविले. १९३१ साली पंडितजी निवर्तले. पण पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी पुण्यात विद्यालय उघडले. विद्या अशी हातोहात पुढे जाते. आता शेजारच्या सूनबाई माझ्याकडे सरगम घोटतात. त्या अडतात, तेथेच माझेही कच्चेपण मला उमगते.